घरातल्या लेकरांसाठी हातशिवणीची गोधडी, गोव्याच्या हवेला मानवेल अशी

गोव्यात गोधडीची गरज काय, असे घाटावरून आलेले पाहुणे हमखास विचारतात. थंडी इथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरती. पण मुलांना गोधडी लागते ती केवळ थंडीसाठी नव्हे. पंखा जोरात असतो, पावसाळ्यात पहाटे हवेत ओल उतरते, आताशा खोल्यांतून एसीही असतो. दुपारी खेळता खेळता फरशीवर झोपलेल्या पोराच्या अंगाखाली सरकवायला आणि प्रवासात मांडीवर पसरायला घरात एक मऊ, ओळखीच्या वासाचे पांघरूण हवेच. दुकानातल्या फुगीर रजईपेक्षा हाताने शिवलेली पातळ गोधडी हे काम कितीतरी चांगले करते.

या लेखात सगळा भर ‘पातळ’ या शब्दावर आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर एवढ्या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत मुलाने गोधडी ओली केली, तिच्यावर पेज सांडली, तर धुवावी लागणारच. कापूस भरलेली जाड गोधडी तेव्हा दिवसेंदिवस वाळत नाही, तिला कुबट वास येतो आणि मग बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. ते ठिपके पुढे कशानेच पुरते जात नाहीत. म्हणून इथल्या मुलासाठी गोधडी शिवताना एवढेच धरून चाला की पावसाळ्यातही ती घरात, पंख्याखाली एका दिवसात वाळली पाहिजे. चार थर पुरे. पाच म्हणजे हद्द झाली.

कोणासाठी किती मोठी

तान्ह्या बाळाचे दुपटे ३६ इंच बाय ३६ इंच. दोन ते सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ४० बाय ६० इंच. त्यापुढच्या मुलामुलींसाठी आणि शिकायला वसतिगृहात निघालेल्या भाचीसाठी ६० बाय ८४ इंच. ही गोधडी पुढे आयुष्यभर पुरते, कारण एका मोठ्या माणसाचे पांघरूण तेवढेच असते.

पहिल्यांदा शिवत असाल तर दुपट्यापासूनच सुरुवात करा. इंचाइंचावर ओळी घातल्या तर त्यात सुमारे ३३ मीटर शिवण होते. एका ओळीला पंधरा-वीस मिनिटे धरली तर नुसत्या टाक्यांचे दहा-बारा तासांचे काम झाले. रोज संध्याकाळी तासभर बसणाऱ्याला ते जमते. मोठ्या गोधडीला याच्या चौपट वेळ लागतो. हे आधीच माहीत असले म्हणजे तारीख ठरवताना घाई होत नाही. बारशाला द्यायचे दुपटे सातव्या महिन्यात हातात घ्यावे. बाळ जन्माला येण्याआधी काही करू नये असे मानणारी घरे अजून आहेत. तिथे कापड धुऊन, कापून तयार ठेवा आणि टाके बाळ आल्यावर घाला. बारशाला नाही जमले तर चतुर्थीला माणसे घरी येतातच, तेव्हा द्या.

कापड

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद असते. ४० बाय ६० च्या गोधडीला खालचा थर ४४ बाय ६४ इंचाचा लागतो, कारण चारही बाजूंनी दोन-दोन इंच वर दुमडायचे असतात. मधले दोन थर ४१ बाय ६१ चे. म्हणजे एकाच साडीत खालचा आणि मधले दोन्ही थर निघतात. वर साधारण ३० इंचांचा तुकडा उरतो, तो वरच्या थराच्या चौकोनांना कामी येतो. ६० बाय ८४ च्या गोधडीला साडीचा पन्हा पुरत नाही, बाजूला वीस-एकवीस इंचांची पट्टी जोडावी लागते. तिच्या चार थरांना तीन साड्या लागतात. जोड एका थरात डावीकडे आला तर पुढच्या थरात उजवीकडे घ्या. सगळे जोड एकावर एक आले तर तिथे कडक रेघ तयार होते आणि सुई आत शिरत नाही.

नऊवारी लुगडे मिळाले तर त्याहून चांगले. कापड भरपूर असते आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतके मऊ झालेले असते की नवे कापड त्याची बरोबरी करू शकत नाही. मात्र आजीचे लुगडे कापण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. कोणाला ते घडी करून जपायचे असते, कोणाला त्याचा काठ हवा असतो. कात्री चालल्यावर त्यावर बोलून काही उपयोग नसतो.

कापड शंभर टक्के सुती हवे. शंका असली तर काठाचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ करडी राख राहते. धागा वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. असे कापड घाम शोषत नाही, मुलांच्या गोधडीत ते नको. साडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी ताणून बघा. निऱ्यांचा भाग आणि खालची किनार सगळ्यात आधी झिजते. ताणल्यावर चरचर वाजणारा भाग मधल्या थरात जाऊ द्या आणि धड भाग वर-खाली घ्या. जरीचा काठ तान्ह्या बाळासाठी अजिबात वापरू नका, तो गालाला टोचतो.

मधल्या थरात काय घालावे यावर माझे मत ठाम आहे: जुनी साडी, जुने धोतर किंवा झिजलेली सुती चादर. बाजारात मिळणारे पॉलिएस्टरचे भरण हलके असते, पण इथल्या दमट हवेत त्याखाली मूल घामाने भिजते. पिंजलेला कापूस ऊब छान देतो, पण धुतला की गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतो.

नवे कापड विकत घ्यायचे तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या कापडदुकानांत सुती मीटरचे कापड मिळते. शिंप्याकडे सांगून ठेवले तर चिंध्याही मिळतात. तांबड्या चौकटींचे कुणबी हातमागाचे कापड घातले तर गोधडीला इथल्या मातीचा चेहरा येतो. दिवंगत वेषभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी या विणीला पुन्हा उजेडात आणले आणि आता तिचे नवे कापड मिळू लागले आहे. कोणत्याही गडद तांबड्या, निळ्या कापडाची एक परीक्षा मात्र करा. पांढरा फडका ओला करून त्यावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर कापड कोमट पाण्यात पुन्हा पुन्हा धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, असे सगळीकडे सांगतात. सुटा रंग मात्र धुण्यानेच निघतो. इतके करूनही पाणी तांबडे येत राहिले तर ते कापड पांढऱ्याशेजारी घालू नका.

कात्री लावण्याआधी नवे-जुने सगळे कापड एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आधीच आटलेले असते. न धुता दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यानंतर गोधडी वेडीवाकडी होते.

वरचा थर

सगळ्यात सोपे म्हणजे वर अख्खे कापड घेणे आणि नक्षी टाक्यांची करणे. चौकोनांची गोधडी हवी असेल तर पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा साचा कापा. कडेने पाव इंच शिवणीत जाऊन चौकोन सहा इंचांचा उरतो. दुपट्याला सहा ओळींत सहा-सहा, म्हणजे ३६ चौकोन लागतात. आधी सगळे जमिनीवर मांडा, लांबून बघा, गडद रंग एकाच बाजूला गोळा होऊ देऊ नका. जोडायला शिलाई मशीन वापरले तरी हरकत नाही. एका ओळीतल्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीतल्या उजवीकडे दाबून इस्त्री करा, म्हणजे ओळी जोडताना कोपरे नेमके जुळतात.

इथल्या माणसाने नक्षीसाठी एकदा तरी कावी चित्रांकडे पाहावे. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीच्या रंगात फुले, चक्रे, वेली कोरलेल्या दिसतात. पांढऱ्या किंवा मळकट पांढऱ्या कापडावर गेरूच्या रंगाच्या दोऱ्याने तीच वर्तुळे धावदोऱ्याने काढली तर गोधडी फार देखणी होते. ताटली, वाटी आणि बांगडी ठेवून खडूने गोल आखले की अर्धी नक्षी तयार.

मूल चार-पाच वर्षांचे असेल तर त्यालाच सुती कापडावर पेन्सिलीने मासा, होडी, माड, मांजर काढायला सांगा. त्याच्या रेघेवरून साखळी टाका घाला आणि रेघ जशी वाकडी आहे तशीच ठेवा. मोठ्या मुलांना रंग विचारल्याशिवाय कापू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बदकांची गोधडी दिली तर ती पलंगाखालीच राहील. त्याच्या लहानपणीच्या टी-शर्टचे तुकडे घालायचे असतील तर ते कापड ताणते, म्हणून प्रत्येक तुकड्यामागे पातळ सुती कापड कच्च्या टाक्यांनी जोडून मगच साचा ठेवा. गणवेशाचा शर्ट, पहिले झबले, जत्रेला घेतलेला फ्रॉक, असे एक-दोन तुकडे पुरेत.

थर मांडणे आणि कच्चे टाके

गोधडी चांगली झाली की वाईट, हे इथेच ठरते आणि लोक नेमकी इथेच घाई करतात.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा, सुरकुती राहू देऊ नका आणि कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. पट्टी नसेल तर चारी बाजूंना वरवंटा, पाट, जे जड असेल ते ठेवा. कापड सपाट बसायला हवे, ताणून नव्हे. ताणलेले कापड सोडल्यावर आकसते आणि वर चुण्या पडतात. त्यावर मधला एक थर, हाताने मधून कडेकडे सारखा करत. मग दुसरा. शेवटी वरचा थर, सरळ बाजू वर.

आता वेगळ्या रंगाच्या साध्या दोऱ्याने कच्चे टाके घाला. सुरुवात बरोबर मध्यातून. आधी मध्यापासून वर, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे. त्यानंतर चार-चार इंचांवर उभ्या-आडव्या ओळी. टाका दीड-दोन इंचांचा चालेल, तो पुढे उसवायचाच आहे. टाचण्या लावून भागवू नका. मांडीवर गोधडी घेतली की त्या टोचतात, पडतात, आणि घरात रांगणारे मूल असेल तर पडलेली टाचणी धोक्याची असते.

मधूनच का, कडेने का नाही? टाका घालताना वरचे कापड प्रत्येक वेळी किंचित पुढे सरकते. कडेकडून आत आलात तर हा सगळा ढिला भाग मध्ये गोळा होतो आणि तिथे फुगा येतो. गोव्याला लागूनच असलेल्या उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी कडेपासूनच शिवत आत जातात. यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. त्यांना कडेकडून जाणे जमते, कारण त्या कापडाचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवत शिवत एकेक तुकडा ठेवतात आणि त्याची कड तिथेच दुमडतात, त्यामुळे ढिला भाग जागच्या जागी मुरतो. कोपऱ्यांवर त्या घड्या घातलेल्या कापडाचे छोटे ‘फुला’ शिवतात, त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. सराव झाल्यावर त्या पद्धतीने एखादी गोधडी शिवून बघा. पहिली मात्र मधूनच.

धावदोरा

दोरा भरतकामाचा सहापदरी लडीचा घ्या आणि त्यातले तीन पदर वापरा. एक लडी आठ मीटरची असते, म्हणजे तीन पदरांनी सोळा मीटर मिळतो. दुपट्याला तीन लड्या लागतात, चौथी जवळ ठेवा. रंगाचा तोच नंबर नंतर दुकानात मिळेलच असे नाही. दोरा एका वेळी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच कापा. लांब दोऱ्याने काम लवकर होते असे वाटते, प्रत्यक्षात तो गुंततो, विरतो आणि तुटतो. मधमाश्यांच्या मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो.

हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. चार थरांतून तीन पदर ओढायला मध्यम जाडीची, लांबट नेढ्याची सुई हवी. मधल्या बोटात अंगुस्तान घालाच. नसेल तर चामड्याचा तुकडा बोटाला बांधा.

खडूने किंवा झिजलेल्या साबणाच्या पातळ कडेने ओळी आखा. पेन्सिलीच्या रेघा राहून जातात. पहिली ओळ मध्यावर. दोऱ्याच्या टोकाला बारीक गाठ मारा, सुई ओळीच्या थोडी अलीकडे वरच्या थरातून आत घाला, ओळीवर बाहेर काढा आणि हलका झटका द्या. टक् असा आवाज येऊन गाठ थरांच्या आत जाते. ओळ संपवतानाही तसेच करा. बाहेर राहिलेली गाठ मुलांची बोटे उकरून काढतात.

एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्या, प्रत्येक अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. सुई खालपर्यंत पोचली की नाही हे डाव्या हाताच्या बोटाला जाणवले पाहिजे. दर दोन ओळींनंतर गोधडी उलटी करून बघा, मागे टाका दिसला नाही तर तो धरलाच गेलेला नाही. दोरा कापडात बसेल इतकाच ओढा. जास्त ओढला तर ओळ आकसते, सैल सोडला तर मुलाच्या पायाचे बोट त्यात अडकते. ओळ संपली की तळहाताने दोन्ही बाजूंना सारखी करा. एक ओळ डावीकडून घातली तर पुढची उजवीकडून घाला, नाहीतर चौकोनी गोधडी हळूहळू तिरकी होत जाते.

ओळींमधले अंतर एक इंच ठेवा. अर्ध्या इंचावर घातलेली गोधडी जास्त टिकते आणि तिच्यावर ती सुंदर बारीक चुणी येते, पण वेळ दुप्पट लागतो. दोन इंचांच्या पुढे जाऊ नका, थर आत घसरतात. टाके एकसारखे यावेत म्हणून जीव टाकू नका. लांबी थोडी कमीजास्त झाली तरी हात एक लयीत चालला की ते छानच दिसतात.

कडा

कच्चे टाके उसवा. वरचे तीन थर एकसारखे छाटून घ्या, खालचा थर दोन इंच बाहेर ठेवा. तो एक इंच आत दुमडा, पुन्हा एक इंच वर आणा आणि बारीक टाक्यांनी वरच्या थराला शिवा. कोपऱ्यावर आधी टोक तिरके आत दुमडा, मग दोन्ही बाजू. कडेवर एकाऐवजी दोन ओळी घाला, कारण मुले गोधडी कडेलाच धरून ओढत नेतात. लहान मुलाच्या गोधडीला झालर, गोंडे, मणी, बटणे, टिकल्या काहीही लावू नका.

नाव घालायचे तर मागच्या कोपऱ्यात, साखळी टाक्याने. आधी शिरोरेषा, मग अक्षरे. खाली साल घाला आणि शिवणाऱ्याचे नातेही: ‘आत्याकडून, २०२५’ एवढे पुरे.

देण्याआधी

वापरलेल्या सुया मोजा, मग संपूर्ण गोधडीवरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. तुटलेले सुईचे टोक डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर सौम्य साबणाने धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा.

तान्ह्या बाळाच्या आईवडिलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. पहिले वर्षभर बाळ झोपलेले असताना सुटी गोधडी त्याच्या अंगावर घालू नये आणि झोपण्याच्या जागी तशीच टाकून ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ती तोंडावर आली तर बाळाला बाजूला सारता येत नाही. दुपटे मांडीवर घ्यायला, मोठे माणूस जवळ असताना जमिनीवर पसरून बाळाला पालथे खेळवायला वापरावे. पांघरूण म्हणून वापर वर्षानंतर.

ठेवणीत डांबरगोळ्या नकोत. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कडुलिंबाचा सुकलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच घालू नका, आत ओल धरते.

गोधडीसोबत त्याच कापडाचे चार-पाच तुकडे, उरलेली लडी आणि एक सुई अशी पुरचुंडी मोठ्यांच्या हाती द्या. सगळ्यात आधी कडा विरेल, मग मुलाच्या मुठीत रोज येणारा कोपरा. कड विरली तर जुनी न उसवता तिच्यावरूनच तीन इंचांची पट्टी दुमडून शिवा. कोपऱ्याला ठिगळ लावताना ते झिजलेल्या भागापेक्षा सगळीकडून इंचभर मोठे घ्या आणि धड कापडापर्यंत टाके न्या. मूल सात-आठ वर्षांचे असेल तर हे ठिगळ त्यालाच लावू द्या, शेजारी बसून सुईत दोरा तेवढा ओवून द्या.